शिकारीचा परवाना आणि बंदुकीचे शिक्षण

कन्नड तालुक्यातील पिशोर हे गाव गौताळा-औट्रमघाट अभयारण्याच्या परिसरात आहे. हे अभयारण्य 1986 मध्ये घोषित झाले. हौसेच्या शिकारीसाठी आता इथे परवाना मिळत नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात सुरुवातीला तशी सोय होती. 1991 च्या दुरुस्तीने ती संपली, आणि हे योग्यच झाले.

मात्र रानडुकरांनी रात्रीतून मका लोळवला की शेतकऱ्याचा हंगाम हातचा जातो. अशा वेळी कलम 11 नुसार अधिकृत अधिकारी लेखी परवानगी देऊ शकतो. मारलेला प्राणी सरकारी मालमत्ता ठरतो.

बंदुकीचा परवाना वेगळा असतो. शस्त्र नियम, 2016 मध्ये त्यासाठी सुरक्षिततेच्या प्रशिक्षणाची तरतूद आहे. त्यात शस्त्र हाताळणे, नेम धरणे, निगा, साठवण आणि वाहतूक शिकवतात. दुनळी हाती घेताच ती उघडून दोन्ही नळ्या रिकाम्या असल्याची खात्री करायची, तोंड माणसांकडे वळवायचे नाही आणि नेम धरेपर्यंत बोट घोड्यावर ठेवायचे नाही, हे त्यातले पहिले धडे. पीक राखताना माणसाचा जीव जाऊ नये, यासाठी ते अंगवळणी पडलेच पाहिजेत.