चार एकरांचा ट्रॅक्टर आणि श्रावकाचा हिशेब

भगवान ऋषभदेवांनी प्रजेला जी सहा कर्मे शिकवली, त्यांत असि आणि मसि यांच्यानंतर कृषीचे नाव येते, वाणिज्य त्यापुढचे. दुकानाच्या गादीवर बसणाऱ्या आपल्या पिढीला याचा सहसा विसर पडतो. दक्षिण महाराष्ट्रातील जैन समाज पिढ्यानपिढ्या नांगर धरीत आला आहे, आणि ज्यांची उपजीविका आज पेढीवर चालते अशा कित्येक घरांच्या सातबाऱ्यावर अजून तीन-चार एकर जमीन उरलेली आहे. ती विकवत नाही आणि कसायला घरी माणूस नाही. अशा जमिनीचे करावे काय, हा प्रश्न आमच्याही घरी उभा राहिला आणि तो एका लहान ट्रॅक्टरापाशी येऊन थांबला. त्या निमित्ताने जो विचार घरात झाला, तो येथे मांडतो आहे.

वारणाकाठी आमची चार एकर काळी जमीन आहे. अण्णांच्या काळी दारात बैलजोडी होती. अतिभारारोपण, म्हणजे मुक्या जनावरावर शक्तीबाहेर ओझे लादणे, हा अहिंसाणुव्रताचा अतिचार आहे, हे अण्णा गड्यालाही समजावून सांगत. जोडी थकली तेव्हा ती बाजारात गेली नाही. गोठ्यातच तिला अखेरपर्यंत चारा-पाणी मिळाले. त्यानंतर नवी जोडी घेतली नाही आणि मशागत भाड्याच्या ट्रॅक्टरावर सुरू झाली.

शेतीत वाफसा नावाची एक अवस्था असते. पाऊस किंवा पाणी झाल्यानंतर जमीन फार ओली नाही आणि फार कोरडीही नाही, असे ते मोजके दिवस असतात. त्या दिवसांत मशागत झाली तर माती भुसभुशीत होते. आधी केली तर चिखल दाबला जातो आणि उशीर झाला तर ढेकळे निघतात. वाफसा सगळ्या शिवाराला एकदमच येतो, त्यामुळे भाड्याचा ट्रॅक्टरही सगळ्यांना एकदमच हवा असतो. लहान शेतकऱ्याची पाळी शेवटी लागते आणि बहुधा रात्री लागते. दोन-दोन दिवस न झोपलेला चालक रात्री एक वाजता बांधावर येई. दिव्यांच्या झोतात किड्या-पाखरांचे थवे झेप घेत आणि मागे रोटाव्हेटर फिरत असे. ज्या घरात सूर्यास्तानंतर चूल पेटत नाही, त्या घराच्या रानात मध्यरात्री हे चालावे, याची खंत आईला फार होती.

ट्रॅक्टर घेण्याचा विषय निघाला तेव्हा धाकट्या भावाने हरकत घेतली. तो म्हणाला, "भूमी फोडण्याचा धंदा पंधरा कर्मादानांत स्फोटकर्म म्हणून सांगितला आहे. मग ते लोखंड आपल्या नावावर कशाला? भाड्याने होऊ दे." आईने त्याला एवढेच विचारले, "करणं, करवणं आणि अनुमोदन देणं, तिन्ही सारखीच ना रे? भाड्याचा असला तरी तो फिरतो आपल्याच रानात." शेती ठेवायची तर उद्योगी हिंसा टळत नाही, परंतु ती किती व्हावी आणि कशी व्हावी हे गृहस्थाच्या हाती असते. ज्याच्या हाती यंत्राची किल्ली नाही, त्याच्या हाती ही मर्यादाही राहत नाही. आमचा निर्णय या विचाराने झाला.

आता यंत्राविषयी. जमीन चार एकर म्हणजे ट्रॅक्टर लहान, हे उघड आहे. पण किती लहान, हे पिकाच्या दोन सऱ्यांमधील अंतरावरून ठरते. आमच्या उसाची सरी साडेचार फुटांची, म्हणजे 54 इंचांची आहे. 20 ते 28 अश्वशक्तीचे जे लहान ट्रॅक्टर मिळतात, त्यांतील अरुंद बांधणीचे सुमारे 40 इंच रुंदीत बसतात. दोन्ही बाजूंना जेमतेम सात इंच उरतात. म्हणून विक्रेत्याच्या अंगणातील फेरी पुरेशी नाही. यंत्र आपल्या रानात आणून, सरीतून चालवून आणि बांधाजवळ वळवून पाहावे. जाहिरातीतील अश्वशक्ती इंजिनाची असते. रोटाव्हेटरला मिळते ती मागच्या फिरत्या दांड्याची, म्हणजे पीटीओची, आणि ती नेहमी कमी असते. विचारायचा आकडा तो आहे.

वजनाचा विचार तर धर्म आणि शेती या दोन्हींच्या कामाचा आहे. 45-50 अश्वशक्तीचा ट्रॅक्टर दोन टनांच्या आसपास भरतो. लहान ट्रॅक्टर पाऊण ते एक टनाचा असतो. काळ्या मातीत जड चाक गेले की खालची पोकळी मिटते, पाणी मुरत नाही आणि मातीतील जीवांचा निवाराही जातो. चारही चाकांना गती देणारा लहान ट्रॅक्टर ओलसर जमिनीत कमी घसरतो, म्हणून आम्ही तसा निवडला. उलटल्यास चालकाला वाचवणारी लोखंडी कमान, आसनपट्टा आणि पीटीओच्या दांड्यावरील संरक्षक नळी या तीन गोष्टींवर घासाघीस केली नाही. चिखलबांधावर कुणालाही बसू द्यायचे नाही, हा नियम पहिल्या दिवसापासून आहे. रक्षणाची सुरुवात चालवणाऱ्या माणसापासूनच व्हावयास हवी.

अवजारे घेताना मोह फार होतो. विक्रेता यादी वाढवीत जातो आणि कर्जात सर्व बसते. आम्ही तीनच घेतली: तीन फुटी रोटाव्हेटर, पाच दात्यांचा कल्टिव्हेटर आणि उसाला मातीची भर लावण्यासाठी रिजर. ट्रॉली घेतली नाही, कारण वर्षातून दहा दिवसांच्या वाहतुकीसाठी ती अंगणात गंजत पडली असती. खोल नांगरटीला मोठी शक्ती लागते; ती दोन-तीन वर्षांतून एकदा, दिवसाउजेडी, भाड्याने करून घेतो. नेहमी लागते ते घरी ठेवावे आणि क्वचित लागते ते भाड्याने आणावे, हेच परिग्रह-परिमाणाचे व्यावहारिक रूप आहे असे मला वाटते.

व्यापारी वाचकांना हिशेब हवाच असणार. 22 सप्टेंबर 2025 पासून ट्रॅक्टरवरील जीएसटी 12 टक्क्यांवरून 5 टक्के झाला. साडेपाच लाखांच्या मूळ किमतीवर हा फरक 38,500 रुपयांचा होतो, परंतु कर कमी झाला म्हणून वस्तूची गरज निर्माण होत नाही. अवजारांसह सात लाख रुपये धरू. दहा वर्षांनी दोन लाख आले तर घसारा वर्षाला 50,000. सरासरी साडेचार लाखांवर 9 टक्क्यांनी व्याज 40,500. विमा, देखभाल आणि टायर मिळून 20,000. एकूण 1,10,500 रुपये. चार एकरांचे काम वर्षाला साधारण 60 तासांचे. म्हणजे डिझेलपूर्वीच तासाला 1,800 रुपयांहून अधिक. आमच्या भागात लहान ट्रॅक्टरचे भाडे डिझेल आणि चालकासह हजाराच्या आत-बाहेर आहे. एकट्याने घेतलेला ट्रॅक्टर हा शुद्ध तोट्याचा व्यवहार ठरतो.

म्हणून तो तीन घरांनी मिळून घेतला: आम्ही, चुलतभाऊ आणि बांधाला बांध असलेले एक शेजारी. बारा एकर आणि 180 तास. वाढीव दुरुस्ती धरून 1,20,000 रुपये वाटले तर तासाला 667. डिझेल आणि चालक मिळवला की भाड्याइतकाच खर्च. यात नफा नाही. वाफशाचा दिवस आपला होतो, काम उजेडी होते आणि मर्यादा आपण घालतो, एवढेच पदरात पडते. आणि आम्हाला तेवढेच हवे होते. यंत्रावरील तासमीटर पाहून तिन्ही घरे एकाच वहीत नोंद करतात.

मर्यादा कोणत्या, तेही सांगतो. सूर्यास्त ते सूर्योदय ट्रॅक्टर चालत नाही. रोटाव्हेटर चार-पाच इंचांहून खोल जात नाही आणि जेथे कल्टिव्हेटरने भागते तेथे तो लावला जात नाही; फिरती पाती गांडुळे कापतात, आणि एकाच खोलीवर तो वारंवार फिरवल्यास खाली कठीण थर धरतो, हे शेतीशास्त्रही सांगते. पाचट पेटवायचे नाही, सरीत दाबून ठेवायचे. पाचटाचे आच्छादन असलेल्या खोडव्याला आंतरमशागत जवळजवळ लागतच नाही, त्यामुळे त्या वर्षी त्या तुकड्यात यंत्र जात नाही. शिवाय आडसाली लागण आम्ही सोडून दिली. ती जुलै-ऑगस्टमध्ये, ऐन चातुर्मासात येते. जानेवारीच्या मध्यास सुरू ऊस लावला की साडेचार महिन्यांची मोठी बांधणी मे-अखेरीस उरकते आणि आषाढाच्या चतुर्दशीपूर्वी अवजारे धुऊन, वंगण लावून ठेवता येतात. वर्षाकाळी जीवोत्पत्ती अधिक असते तेव्हा लोखंड विसाव्याला असते.

एक कठीण प्रश्न उरतो, तो मागायला येणाऱ्यांचा. खणण्याची, तोडण्याची साधने दुसऱ्याला देणे हे अनर्थदंडात हिंसादान म्हणून सांगितले आहे. दुसरीकडे अडल्या शेजाऱ्याला नाही म्हणणे जिवावर येते. आम्ही मधला मार्ग काढला. नुसते अवजार कोणाला देत नाही. अडचण असेल तर आमचा चालक जातो, दिवसा जातो आणि आमच्याच नियमांनी काम करून येतो. आलेले पैसे तिन्ही घरे वाटून न घेता पांजरपोळात चाऱ्यासाठी देतात. पहिल्या वर्षी यावरून थोडी कुरबुर झाली. आता लोक आपण होऊन विचारतात, "तुमचा ट्रॅक्टर मावळतीला थांबतो ना? मग सकाळीच पाठवा."

ज्यांच्याकडे अशी थोडकी जमीन आहे आणि जे विक्रेत्याकडे विसार देण्याच्या तयारीत आहेत, त्यांनी आधी घरात बसून तीन गोष्टी कागदावर लिहाव्यात: वर्षाचे तास किती, भागीदार कोण आणि कोणत्या वेळी यंत्र उभे राहील. पहिल्या दोन गोष्टी कोणीही चांगला व्यापारी लिहील. तिसरी लिहिणे हे श्रावकाचे काम आहे.