बाळंतिणीचे मन

प्रसूतीनंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी निम्म्याहून अधिक बाळंतिणींना अकारण रडू येते, चिडचिड होते, जीव घाबरतो. वार पडल्यावर इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकांची पातळी एकाएकी उतरते. त्यात टाक्यांचे दुखणे आणि तुटक झोप. धीर आणि विश्रांती मिळाली, की हे हळवेपण दोन आठवड्यांत ओसरते. त्यानंतरही उदासी हटली नाही, किंवा महिना-दोन महिन्यांनी नव्याने सुरू झाली, तर ते प्रसूतीनंतरचे नैराश्य असू शकते आणि त्यावर उपचार करावे लागतात.

घरात हा आजार ओळखणे अवघड जाते, कारण थकवा, मंद भूक, जागरण हे सारे बाळंतपणात चालायचेच, असे सगळे धरून चालतात. पाहण्याची खूण वेगळी आहे. बाळ गाढ झोपलेले असते, कामाला दुसरे माणूस असते, तरी आईचा डोळा लागत नाही. बाळाला जवळ घ्यावेसे वाटत नाही. किंवा उलट, त्याचा श्वास चालू आहे ना, हे ती रात्रभर उठून पाहते. आपण चांगली आई नाही, हा विचार पाठ सोडत नाही. पुष्कळ जणी मनाचे बोलतच नाहीत. डोके दुखते, अंगात त्राण नाही, दूध पुरत नाही, एवढेच सांगतात. पंडुरोग आणि थायरॉइडचे विकार यांतही अशी लक्षणे दिसतात, म्हणून रक्ततपासणी टाळू नये.

गोव्यातील एका जिल्हा रुग्णालयात मनोविकारतज्ज्ञ विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी केलेला, 2002 मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास या विषयात मोलाचा आहे. प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी 23 टक्के मातांमध्ये नैराश्य आढळले. त्यांतल्या 78 टक्के स्त्रियांचे मानसिक स्वास्थ्य गरोदरपणातच बिघडलेले होते आणि निम्म्याहून अधिक जणी सहा महिन्यांनीही आजारीच होत्या. गरिबी आणि नवऱ्याशी बिघडलेले संबंध ही मोठी कारणे होती. मुलगी झाली की धोका वाढत होता. म्हणजे केवळ संप्रेरकांकडे बोट दाखवून भागत नाही. मुलगी झाली म्हणून तोंड पाडणारे घर या आजाराला हातभार लावते, हे स्पष्ट सांगायला हवे.

सव्वा महिना शेक-शेगडी, मालिश, अळिवाची खीर, डिंकाचे लाडू यांतून मराठी घरे बाळंतिणीच्या शरीराची निगा मनापासून राखतात. त्यातली विश्रांती आणि माणसांची सोबत यांचा आधार खराच असतो. मनाची विचारपूस मात्र ‘रडू नकोस, दूध आटेल’ इथे संपते, आणि ती बाई रडणे लपवायला शिकते. पुढे ती सासरी परतते, मालिशवाली बंद होते, रात्रीची जागरणे एकटीवर येतात. म्हणून माहिती द्यायची ती गरोदरपणीच, आणि तिच्या आईला, सासूला, नवऱ्यालाही. रात्रीचे एक-दोन वेळचे बाळाचे काम दुसऱ्याने उचलून तिला सलग चार-पाच तास झोप मिळवून देणे, हा उपदेशापेक्षा मोठा आधार आहे.

रुग्णालयात बाळंत झालेल्या स्त्रीकडे आशा कार्यकर्ती 42 व्या दिवसापर्यंत सहा वेळा जाते. बाळाच्या वजनाबरोबर आईच्या मनाची चौकशी करण्याची ही उत्तम संधी असते. त्यासाठी 1987 मध्ये तयार झालेली एडिंबरा प्रश्नावली जगभर वापरतात: दहा प्रश्न, गेल्या सात दिवसांबद्दलचे. दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. तो विचारल्याने असे विचार मनात भरतात, ही समजूत चुकीची आहे. बहुतेकींना कुणीतरी विचारले याचे हायसे वाटते. गुण जास्त आले म्हणजे निदान झाले असे नाही. पुढे डॉक्टरांची तपासणी हवीच.

सौम्य आजारात समुपदेशन पुरते. तीव्र आजारात औषधे लागतात. त्यांतले सर्ट्रालिन दुधात अत्यल्प उतरते, त्यामुळे अंगावर पाजत असतानाही ते देता येते. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या 14416 या क्रमांकावर मराठीतूनही मोफत बोलता येते.

हजारात एक-दोघींना, बहुधा पहिल्या दोन आठवड्यांत, भ्रम होतात, आवाज ऐकू येतात, झोप पूर्ण उडते. ही बाहेरची बाधा नव्हे. त्याच दिवशी रुग्णालय गाठावे, आई आणि बाळ दोघांनाही एकटे सोडू नये. 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानुसार उपचारांसाठी दाखल झालेल्या आईपासून तीन वर्षांखालील मूल सहसा वेगळे करता येत नाही. आईच्या आजारामुळे मुलाला धोका असेल किंवा मुलाच्या हितासाठी आणि सुरक्षिततेसाठी गरजेचे असेल, तरच तसे करता येते, आणि तेही तात्पुरते.