रविवारचा लेथ, शनिवारची लिंक

पुण्याजवळच्या कासारवाडीत ऐंशीच्या दशकात एखाद्या पोराला लेथ शिकायचा असेल, तर शिकवणारा शोधावा लागत नसे. चाळीत दर दोन-तीन दारांआड एक टर्नर, फिटर नाहीतर मशिनिस्ट राहायचाच. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स उभी राहिली, १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली, पाठोपाठ टेल्को, बजाज. आणि कासारवाडीच्या अगदी अंगाला फोर्ब्स मार्शल. साताऱ्याकडची, सोलापूरकडची, मराठवाड्यातली माणसं दापोडी ते भोसरी पट्ट्यात खोल्या करून राहिली. पहिली पाळी सुटली की मुंबई-पुणे रस्ता सायकलींनी भरून जाई, आणि त्या गर्दीतला जवळजवळ प्रत्येकजण कुठल्या ना कुठल्या यंत्राचा जाणकार असे.

तुटवडा होता तो यंत्राचा. आयटीआयला नंबर लागला तर लेथला हात लागायचा, नाहीतर लेथ गेटाच्या आत आणि पोरगं बाहेर. यावर आमच्या भागाने काढलेला तोडगा म्हणजे रविवार. लांडेवाडीकडे, भोसरीकडे पत्र्याच्या शेडमध्ये जॉबवर्क करणारे छोटे मालक होते. त्यातले बरेचजण कालपरवापर्यंत स्वतःच कामगार. शेजारचे काका अशा एका मालकाकडून किल्ली मागून आणत आणि गल्लीतल्या पोरांना घेऊन जात. फी नव्हती. उलट मधल्या चहाचे पैसेही काकाच द्यायचे.

यंत्र लगेच चालू होत नसे. आधी व्हर्नियर. एकच बुश प्रत्येकाने मोजायची, आणि सगळ्यांची मापं जुळेपर्यंत पुढे सरकायचं नाही. मग ग्राइंडरवर टूलला धार लावायची. मग कुठे चकमध्ये जॉब बांधायचा. बिडाचा चुरा पडतो, माइल्ड स्टीलची सळसळती वेटोळी निघते, हे कुठल्याही पुस्तकाआधी आम्हाला पायाखालच्या कचऱ्यावरून कळलं. काका फारसं बघत नसत, ऐकत. टूल घासायला लागलं की आवाज बदलतो, पाठ फिरवून उभे असले तरी ते ओरडत, “फीड कमी कर!” मनगट धरून क्रॉस स्लाइड फिरवून दाखवत. त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं : “जॉब गेला तर मी भरून देईन. बोट गेलं तर कोण देणार?”

या वर्गाला न छापलेलं प्रमाणपत्रही होतं. “अमक्याकडे जा, माझं नाव सांग.” एवढ्या पाच शब्दांवर कित्येकांना हेल्परची पहिली नोकरी लागली. काका नुसतं शिकवत नव्हते, ते जामीन राहत होते.

नव्वदच्या दशकात त्याच शेडमध्ये प्रोग्रामवर चालणारी सीएनसी यंत्रं आली आणि हँडलवरचा हात कीपॅडवर गेला. जी ०० म्हणजे झपकन सरक, जी ०१ म्हणजे ठरल्या गतीने सरळ काप, एम ०३ ला स्पिंडल फिरतो, एम ३० ला प्रोग्राम संपतो. सगळं कागदावर लिहायचं, बोट ठेवून पुन्हा वाचायचं, मगच यंत्रात भरायचं. जुन्या कंट्रोलरवर दशांश चिन्ह राहून गेलं, तर दहा मिलिमीटरचे दहा मायक्रॉन होत. टूल भलतीकडे जाई आणि मालकाचा चेहरा त्याहून भलतीकडे. हिंजवडीत आयटी पार्कच्या काचा चमकू लागण्याआधी भोसरीतल्या शेडमध्ये प्रोग्राम लिहिले जात होते, ते असे.

आता नाशिक फाट्यावर दुमजली उड्डाणपूल आहे आणि ६ मार्च २०२२ पासून कासारवाडीला मेट्रो थांबते. रस्त्यावरची सायकल गेली. बापाची नोकरी चाकणला, तीही कंत्राटी. कंपनीची बस अंधारात उचलते आणि अंधारात सोडते. दोन वर्षांत दोन कंपन्या बदललेल्या माणसाच्या शब्दावर गेट कोण उघडणार? गल्लीत यंत्रांचे जाणकार आजही आहेत. त्यांच्या हातात किल्ली राहिलेली नाही.

आणि त्याच गल्लीत शनिवारी रात्री साडेआठला, भांडी घासून झाल्यावर, एक मुलगी वडिलांचा फोन घेऊन जिन्यात बसते. गटावर मीटची लिंक येते. पलीकडे हिंजवडीत नोकरी करणारी एक ताई असते, कधी जर्मनीतून जोडला गेलेला एखादा दादा. पगार नाही, फी नाही. शिकायचं पायथन, म्हणजे प्रोग्राम लिहायची भाषा.

ही रीत एकट्या कासारवाडीची नाही. बंगळुरूची ई-विद्यालोका २०११ पासून लांब बसलेल्या स्वयंसेवकांकडून गावच्या शाळांत इंटरनेटवरून वर्ग घेते. ब्रिटनमध्ये २०१२ मध्ये सुरू झालेला कोड क्लब स्वयंसेवकांच्याच बळावर देशोदेशी गेला. पुण्यातली पाय जॅम फाउंडेशन सरकारी शाळांतल्या मुलांच्या हाती रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणक देते. आयआयटी मुंबईचे स्पोकन ट्युटोरियल मराठीतूनही फुकट ऐकता येतात. पण अशा वर्गांना खरा जोर आला तो २०२० मध्ये, शाळा बंद पडल्या तेव्हा. त्याच वर्षी बायजूजने व्हाइटहॅट ज्युनिअर ही मुलांना कोडिंग शिकवणारी कंपनी ३० कोटी डॉलरला घेतली, आणि आपलं पोर मागे पडेल या भीतीच्या जाहिराती घराघरात पोचल्या. फी परवडणारे घाबरून पैसे भरत होते. ज्यांना ती परवडत नव्हती त्यांच्यासाठी कुणी ताई, कुणी दादा ऑफिसचं काम आटोपून कॅमेऱ्यासमोर बसत होते. पुण्याला हे नवं नाही. १८५५ मध्ये जोतिराव-सावित्रीबाईंनी शेतकरी-मजुरांसाठी रात्रशाळा काढली, तीही दिवसाचं काम संपल्यावरच भरायची.

शनिवारच्या वर्गाच्या अडचणी आमच्या शेडमध्ये कुणाच्या स्वप्नातही आल्या नसत्या. फोनचा कीबोर्ड ओळीचं पहिलं अक्षर आपणहून मोठं करतो. ‘प्रिंट’ बरोबर लिहूनही पायथन ते ओळखत नाही. ओळीआधी चार जागा सोडायच्या, तर बोटाच्या मापाच्या पडद्यावर त्या मोजता येत नाहीत. “ताई, एरर आलाय.” “स्क्रीनशॉट टाक.” तेवढ्यात वडिलांना सुपरवायझरचा फोन येतो आणि वर्ग तुटतो. ताईला मुलीचं मनगट धरता येत नाही, आवाजावरून चूक ओळखता येत नाही. कित्येकदा तर मुलीचा कॅमेराच बंद असतो, कारण मागचं घर दिसू नये. ही जुन्या वर्गाची बाजू, आणि ती खरी आहे.

पण दुसरी बाजूही तितकीच खरी. लेथ चूक सांगत नसे, मोडून दाखवत असे. पायथन थांबतो, कितव्या ओळीत बिघडलं ते लिहून देतो, पुन्हा चालवून बघायला एक पैसाही लागत नाही. बोट जायची भीती नाही, मालकाच्या मालाची धास्ती नाही. शंभर वेळा चुकण्याची ही मुभा आम्हाला कधीच नव्हती. आणि सगळ्यात मोठा फरक : त्या शेडमध्ये एकही मुलगी नव्हती. रविवारी भोसरीच्या शेडमध्ये लेक पाठवायची, असा विचारही कुठल्या घरात झाला नसता. जिन्यात बसलेल्या मुलीला उंबऱ्याबाहेर फार तर दोन पायऱ्या जावं लागतं.

तेव्हा माणूस जवळ होता आणि यंत्र लांब. आता यंत्र हातात आहे आणि माणूस लांब. दोन्ही वेळी शिकवणारा फुकट मिळाला. मात्र काका शिकवण्याबरोबर आणखी दोन गोष्टी देत : बसायला जागा आणि “माझं नाव सांग” हा शब्द. हिंजवडीच्या ताईने कितीही जीव ओतला तरी या दोन गोष्टी लिंकमधून येत नाहीत. त्या वस्तीनेच द्यायच्या असतात.

आणि वस्तीकडे त्या आहेत. गणेश मंडळाची खोली ढोल-ताशाच्या सरावाचे दिवस सोडले तर वर्षभर कुलपात असते. तिथे वीज आहे, पंखा आहे. कंपन्या दर काही वर्षांनी लॅपटॉप बदलतात. त्यातले चार-पाच मागून आणण्याइतकी ओळख आजही मंडळाच्या अध्यक्षाकडे असते. आणि आमच्यासारखे निवृत्त टर्नर-फिटर आहेतच. पायथन येत नसेना, शनिवारी रात्री कुलूप उघडून दोन तास दाराशी बसता येतं, आणि मुलगी तयार झाली की भोसरीतल्या एखाद्या मालकाला फोनही करता येतो. सीएनसीचे प्रोग्राम लिहिणारी माणसं त्यालाही हवीच आहेत.