कॅम्प ते बदलापूर : चाकातली टकटक

रविवारी बदलापूरला ताईच्या नणंदेकडे नामकरण होते. दाजींनी आपली जुनी मारुती व्हॅन काढली. आदल्याच दिवशी उल्हासनगरच्या कॅम्पातील एका गॅरेजात पुढच्या डाव्या चाकाचे ब्रेकपॅड बदलून आणले होते. आम्ही सात माणसे, शिवाय दोन लेकरे मांडीवर.

वाचकहो, आपल्या उल्हासनगरला फाळणीपूर्वी कल्याण कॅम्प म्हणत. युद्धातील या लष्करी छावणीत सिंधमधून आलेली निर्वासित कुटुंबे राहू लागली आणि १९४९ साली गावाला आजचे नाव मिळाले. नाव बदलले, पण पत्ता सांगताना आजही आधी कॅम्पाचाच नंबर येतो. कोणतीही वस्तू खोलून दुरुस्त करून देणारे हात या गावात जागोजागी भेटतात.

अंबरनाथच्या विम्को नाक्याजवळ आलो, तोच खालून टक्, टक् असा आवाज येऊ लागला. एके काळी इथल्या कारखान्यात आगपेट्या बनत. आता नाक्याला नुसते नाव उरले आहे. ताई म्हणाली, "दाजींची गाडी म्हातारी झाली, खोकणारच!" सगळे हसले. दाजी मात्र हसले नाहीत.

त्यांनी गाडी कडेला घेतली आणि उभ्या गाडीचे इंजिन जोरात फिरवले. आवाज नाही. पुन्हा हळू चालवली, तर टकटक सुरू. वेग वाढला की टकटक वाढे. क्लच दाबून इंजिन मंद केले, तरी ती चाकाच्याच फेऱ्यांबरोबर चाले. म्हणजे दोष इंजिनात नव्हता, चाकात होता. दाजी म्हणाले, "काल ज्याला हात लागला, तेच आधी बघायचे."

डाव्या चाकाची वाटी काढली. चारपैकी दोन नट बोटांनी फिरत होते! ताईने लेकरांना जवळ ओढले. चाक निखळले असते, तर काय झाले असते, हे कुणी बोलून दाखवले नाही.

दाजींनी पान्याने समोरासमोरचे नट आळीपाळीने घट्ट केले. एका बाजूचे सगळे आवळून मग दुसरी बाजू धरली, तर चाक वाकडे बसते, हेही समजावून सांगितले. बाकीची तिन्ही चाकेही तपासली. आवाज गेला.

अंबरनाथ पूर्वेला शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० चे दगडी शिवमंदिर आहे. ते दगड हजार वर्षे जागचे हलले नाहीत आणि आमचे नट एका रात्रीत ढिले झाले!

बदलापूरला उल्हास नदीकाठचा वारा लागला, तेव्हा कुठे जिवात जीव आला. या गावी पूर्वी प्रवासी थकलेले घोडे बदलून घेत, म्हणून हे नाव पडले, असे सांगतात. आमचा घोडा बदलावा लागला नाही.

सोमवारी दाजी गॅरेजात गेले. भांडले नाहीत, पण सरळ सांगितले. मिस्त्री खाली मान घालून म्हणाले, "जॅकवर हाताने लावले आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे गेलो. चुकलो." चाकाचे काम झाले की पन्नास-शंभर किलोमीटरनंतर नट पुन्हा आवळून घ्यावेत, हेही त्यांनीच सांगितले.

दुरुस्तीनंतर नवा आवाज आला, तर 'जाऊ द्या' म्हणू नका. गाडी थांबवा, चाके बघा आणि मिस्त्रीला विचारायला लाजू नका. पैसे आपण मोजलेले असतात आणि मागे बसलेली लेकरेही आपलीच असतात.