उष्माघात समजावून सांगताना

कुवेतच्या फरवानिया प्रांतात, विमानतळाला लागून जलीब अल शुयूख ही परदेशी कामगारांची दाट वस्ती आहे. तिथल्या खोल्यांतून पहाटे बसने बांधकामावर जाणाऱ्यांत भारतीय, बांगलादेशी, इजिप्शियन असे सगळे असतात. याच देशात मित्रिबा येथे २१ जुलै २०१६ रोजी ५३.९ अंश सेल्सियस तापमान नोंदले गेले. जून ते ऑगस्ट सकाळी ११ ते दुपारी ४ उघड्यावर काम करायला सरकारी मनाई असते. त्या वेळेबाहेरचे ऊनही जीवघेणे ठरते. म्हणून काम सुरू होण्याआधीच्या टूलबॉक्स टॉकमध्ये डॉक्टर किंवा सेफ्टी ऑफिसर काय बोलतो, याला फार मोल आहे. ते बोलणे घडवायला त्याला मदत करणे हे स्वतंत्र कसब आहे.

तज्ज्ञ बहुधा मोजमापापासून सुरुवात करतो: ओला तापमापक, काळा गोल, त्यांवरून काढलेला निर्देशांक. ऐकणाऱ्याच्या हाती त्यातून काही लागत नाही. अशा वेळी मदतनीसाने लगेच शब्द सोपे करायला बसू नये. हे ऐकून माणूस उद्या वेगळे काय करणार, हे आधी विचारावे. मग विचारावे, तुम्ही स्वतः काय पाहिले आहे? खरा ऐवज इथे निघतो. कोरड्या हवेत घाम येता येताच उडून जातो. शर्ट ओला होत नाही, त्यामुळे घाम आलाच नाही असे वाटते आणि पाणी प्यायचे राहून जाते. पाठीवर मिठाचे पांढरे डाग तेवढे उरतात. डॉक्टरला हे इतके सवयीचे असते की सांगण्याजोगे वाटत नाही. तेच आधी सांगितले, की दर पंधरा-वीस मिनिटांनी पेलाभर पाणी का प्यायचे ते वेगळे पटवावे लागत नाही. कारण गाळून नुसती सूचना उरवणे म्हणजे सोपे करणे नव्हे. कारण कळलेला माणूस फोरमन जवळ नसतानाही पाणी पितो.

क्रमही ऐकणाऱ्याचा हवा. त्याला आधी दिसतो तो असंबद्ध बोलणारा, तोल जाणारा सोबती. तिथूनच सुरुवात करावी: सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता, वारा घाला, ११२ ला फोन करा.

शेवटी ‘समजलं का?’ विचारून भागत नाही. माना सगळेच डोलावतात. रात्री खोलीतल्या नव्या माणसाला हे कसे सांगाल, असे विचारावे. कुणी ‘पाणी पाजायचं’ म्हणाला, तर चूक डॉक्टरच्या वाक्यात शोधावी. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात पाणी घालणे धोक्याचे असते. तेव्हा पुढच्या बैठकीत डॉक्टरने बाटली हातात घ्यावी आणि समोरच्या एकाच्या मानेवर, पाठीवर पाणी ओतूनच दाखवावे.