बाळंतविडा नंतर, रक्तगट आधी

माझं माहेर हट्टा, वसमत तालुक्यातलं. पहिलं बाळंतपण माहेरी, या रिवाजानं मीही सातव्या महिन्यात ओटी भरून आईकडे आले. वाटेत एक टोपडं आवडलं म्हणून घेतलं होतं. आईनं ते हातातून काढून घेतलं. "बाळ होऊ दे आधी. त्याच्याआधी काही आणायचं नसतं बाई."

मी डॉक्टर, तरी वाद घातला नाही. रिकामे पाळणे पाहिलेल्या घरांची ही भीती आहे, तिला काय हसायचं?

पण ही भीती टोपड्यापाशी थांबत नाही. वाईट बोलायचं नाही म्हणून घरात कुणी विचारतच नव्हतं, की रात्री कळा सुरू झाल्या तर जायचं कुठे? वसमतला, परभणीला की नांदेडला? गाडी कुणाची? माझा गट बी निगेटिव्ह, रक्त लागलं तर मिळणार कुठून? (आईचा गट निगेटिव्ह आणि नवऱ्याचा पॉझिटिव्ह असेल, तर सातव्या महिन्यातल्या अँटी-डी इंजेक्शनबद्दल डॉक्टरांना जरूर विचारा. बाळ पॉझिटिव्ह निघालं तर प्रसूतीनंतर ७२ तासांच्या आत ते पुन्हा घ्यायचं असतं.)

त्यात माझं हिमोग्लोबिन निघालं ८.९. रोज बायकांना 'गोळ्या चुकवू नका' सांगणारी मी, मळमळतं म्हणून स्वतः आठवडेच्या आठवडे चुकवत होते. घेतली तरी वर लगेच चहा!

गरोदरपणात हिमोग्लोबिन ११ च्या खाली गेलं की रक्तक्षय, ७ च्या खाली गेलं की गंभीर. प्रसूतीनंतर पिशवी नीट आकसली नाही तर रक्तस्राव वाढतो. घागर आधीच अर्धी असेल तर थोडं सांडलं तरी तळ दिसतो. म्हणून चौथ्या महिन्यापासून लोह-फॉलिकची गोळी रोज एक, किमान १८० दिवस, आणि बाळंतपणानंतर पुन्हा तितकेच दिवस. मळमळत असेल तर रात्री जेवणानंतर घ्या. चहा आणि कॅल्शियमची गोळी तिच्यासोबत नको. शौचाला काळं होतं, त्याला घाबरू नका. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायांची मोफत तपासणी असते, ती चुकवू नका.

माझ्याकडे आता गोळ्यांवर थांबायला वेळ नव्हता. डॉक्टरांच्या सल्ल्यानं सलाइनमधून लोह घेतलं.

त्या रात्री मी एक कागद लिहिला. दवाखाना, तो भरलेला असेल तर दुसरा, दोन गाडीवाल्यांचे नंबर, १०८, लागणारे पैसे, रक्तपेढी, आणि मी बोलण्याच्या स्थितीत नसले तर निर्णय कुणी घ्यायचा. आई म्हणाली, "असलं लिहून ठेवू नको." वडील काही बोलले नाहीत. सकाळी कागद कॅलेंडरमागे खोचलेला होता आणि खाली त्यांच्या अक्षरात चुलतभावाचं नाव होतं. सगळ्या भावकीत बी निगेटिव्ह तो एकटाच.

कळा आल्या ते हळद शिजवायचे दिवस होते. पहिला गाडीवाला शेतात होता, दुसऱ्याची जीप मिळाली. रक्तस्राव जास्त झाला. पण तोवर हिमोग्लोबिन साडेदहापर्यंत आलं होतं, म्हणून रक्त चढवावं लागलं नाही. चुलतभाऊ रात्रभर बाहेर बसून सकाळी तसाच घरी गेला.

घरी आल्यावर आईनं पेटीतून टोपडं काढलं. धुऊन, घडी घालून ठेवलेलं होतं.