सिल्लोडच्या पेढीवरून चीगाँगकडे

छत्रपती संभाजीनगरहून जळगावकडे निघालेला प्रवासी सिल्लोडला चहापुरता थांबतो आणि अजिंठ्याकडे निघून जातो. मिरची, मका आणि कापूस यांच्या या बाजारपेठेत पाहण्यासारखे ते काय, असे त्याला वाटते. मला मात्र येथील आडत्यांच्या पेढ्या पाहाव्याशा वाटतात. हंगामात सकाळी गादीवर बसलेला माणूस दिवेलागणीलाच उठतो. पन्नाशीत गुडघे, साठीत कंबर आणि रक्तदाब, हे व्याज ठरलेले.

पुढे अजिंठ्याचा घाट उतरला की सोयगाव तालुक्यात लेणी लागतात. सोळाव्या लेण्याच्या पायऱ्यांपाशी दोन दगडी हत्ती आहेत. सातव्या शतकात महाराष्ट्रात आलेल्या ह्युएन त्संग या चिनी यात्रेकरूने डोंगरातील एका विहाराचे वर्णन करताना दारातील दगडी हत्तींचा उल्लेख केला आहे. तो विहार अजिंठ्याचाच, असे अभ्यासक मानतात. याच धाग्यावरून पुष्कळजण सांगतात की, चीनचा चीगाँग हा श्वासाचा व्यायामही भारतातूनच गेला. बोधिधर्माने तो शाओलिन मठात नेला. ऐकायला गोड आहे, पण नोंदीला व्हाउचर नाही. बोधिधर्माच्या नावावरील यीजिनजिंग या ग्रंथाचा माग सतराव्या शतकाच्या पलीकडे लागत नाही. उलट मावांगदुई येथील इ. स. पूर्व १६८ च्या थडग्यात १९७३ साली मिळालेल्या रेशमी पटावर व्यायाम करणाऱ्या ४४ स्त्री-पुरुषांची चित्रे आहेत. ज्याचे जमा त्याच्याच खाती असावे.

‘ची’ म्हणजे प्राणशक्ती आणि ‘गाँग’ म्हणजे सरावाने कमावलेले कसब. प्रकार अनेक आहेत. यीजिनजिंगमध्ये स्नायूंना ताण देतात. ल्यूझीजुएमध्ये सहा ध्वनी उच्चारीत श्वास सोडतात. वूचिनशीमध्ये वाघ, हरीण, अस्वल, माकड आणि पक्षी यांच्या हालचालींचे अनुकरण असते. आपल्या शेटजींना अस्वल होऊन डुलताना पाहण्याचा योग अद्याप आलेला नाही. पेढीवरच्या माणसाला सर्वांत सोयीचा बादुआनजिन. त्यात आठच हालचाली, थोडी जागा आणि पंधरा मिनिटे पुरतात. दोन्ही हातांनी आभाळ तोलावे, धनुष्य ओढल्यासारखी छाती उघडावी, असे करीत शेवटी टाचा सात वेळा उचलून टेकवायच्या. नियमित सरावाने तोल सुधारतो, सांधे मोकळे होतात, झोपेला मदत होते, रक्तदाबही थोडा उतरू शकतो. ‘थोडा’ हा शब्द महत्त्वाचा. कर्करोग बरा करण्याची हमी देणाऱ्यापासून दूर राहावे, आणि गोळी डॉक्टरांना विचारल्याविना सोडू नये.

झान झुआंग या प्रकारात तर केवळ उभे राहायचे असते: गुडघे किंचित सैल, हात झाड कवेत घेतल्यासारखे. वेरूळच्या बत्तिसाव्या लेण्यातील वेलींनी वेढलेले बाहुबली आठवून ‘हा तर कायोत्सर्ग’ असे म्हणण्याचा मोह होतो. साम्य उभे राहण्यापुरतेच आहे. कायोत्सर्गात देहावरील ममत्व सोडायचे असते. चीगाँग त्याच देहाची जोपासना करते. दोन्हींना एकाच नावाखाली घालणे दोन्हींवर अन्याय करणारे आहे.

मात्र दोहोंचा सराव सिल्लोडच्या गच्चीवर, दुकानाचे शटर वर जाण्यापूर्वी, होऊ शकतो. सुरुवात करणाऱ्याने पाच मिनिटांहून अधिक उभे राहू नये; गुडघा दुखत असेल तर खुर्चीची पाठ धरावी.